मामांनी कोलंबोपासून विणत आणलेली झोळी

तुमच्या या सदरात कुणाला कुणी दिसतं, कुणाला हाका ऐकू येतात... मी ते सगळं वाचतो आणि खरं सांगायचं तर वाचून पान उलटतो. माझी सारी नोकरी जमीन मोजण्यात गेली. साखळी टाकायची, खुणा रोवायच्या, नकाशा काढायचा. ज्याचं माप निघतं ते आहे, बाकीचं ज्याचं त्यानं बघावं — एवढ्या भांडवलावर मी ऐंशी ओलांडली. घरात कधी उतारा टाकू दिला नाही. अमावास्येला नवी गाडी घेणारा गावात मी एकटाच. तेव्हा हे पत्र माझ्याकडून यावं याचं तुमच्यापेक्षा मलाच जास्त नवल वाटतंय.

पण लिहायला बसलो त्याला आणखी एक कारण आहे. आमच्या गावात माझ्या नावाची एक गोष्ट सांगतात. आडात उतरून, पोटुशा बहिणीला खांद्यावर घेऊन वर आलेला दत्तू. मागं गावच्या शाळेत माझा सत्कार झाला तेव्हा सरपंचांनी ती पोरांना पुन्हा सांगितली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल सावरत खाली मान घालून बसलो. लोक म्हणाले, किती नम्र माणूस! ती गोष्ट खोटी नाही... पण अर्धी आहे. उरलेली अर्धी माहीत असलेला मी एकटाच उरलो आहे, म्हणून आता ती लिहितो.

आमचं गाव युसूफ वडगावपासून कोसभर. तेव्हा आम्ही मोगलाईत होतो, म्हणजे निजामाच्या राज्यात. अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत आणि तिथं घोडदळाची छावणी होती. माझे नरहरीमामा तिथल्या रिसाल्यात स्वार होते. पहिल्या मोठ्या लढाईत त्यांना समुद्रापार इराककडे नेलं. तिथं घोडा अंगावर पडून त्यांची मांडी मोडली आणि बसऱ्याच्या दवाखान्यात ते कितीतरी महिने पडून राहिले. पडल्या पडल्या माणसं वेडी होऊ नयेत म्हणून एका गोऱ्या नर्सनं जखमी शिपायांना विणायला शिकवलं. बाकीच्यांनी बरं वाटल्यावर सुया टाकून दिल्या. मामांनी टाकल्या नाहीत.

आता तुम्हीच डोळ्यांपुढं आणा. सहा फूट उंची, गालापर्यंत चढलेल्या मिशा, एक पाय जरा ओढत चालणारा निवृत्त स्वार — आणि चावडीपुढच्या पारावर बसून, टाके मोजत 'सुलट, उलट' पुटपुटत, छत्रीच्या दोन काड्यांनी लोकरीचे मोजे विणतोय! गावाला आयतीच करमणूक. गणपा नावाचा एक शेजारी होता, त्यानं मामांचं नाव 'मिशीवाली मावशी' पाडलं होतं.

"मावशे, माझ्या म्हशीला एक कानटोपी इन की," गणपा म्हणायचा.

"माप आन," मामा मान वर न करता म्हणायचे. "तुझ्याच डोक्याचं आन. चालंल तिला."

मापाची मात्र त्यांची एक रीत होती. टेप नाही, दोरी नाही. माणसाकडे एकदा नीट बघायचं, हवेत हात फिरवायचा आणि बसायचं. ज्याच्यासाठी विणलं त्याला ते बसायचंच. आणि कुणासाठी विणायचं हे ठरल्याशिवाय ते सुईवर पहिला टाका घालत नसत. "घालणारा कोण ते म्हाईत न्हाई तर इनायचं कुणाला?" असं त्यांचं साधं म्हणणं.

मामी लवकर गेल्या. मागं एकच लेक, रखमा. माझी आई मामांची थोरली बहीण. वडील गेल्यावर ती मला घेऊन तिथंच राहायला आली होती, त्यामुळे रखमा आणि मी एका ताटात जेवून मोठे झालो. तिला दोन कोसांवरच्या गावी दिली होती. मी सांगतोय त्या उन्हाळ्यात तिला दिवस होते, पहिलीच खेप. सातव्या महिन्यात तिला माहेरी आणायचं ठरलं होतं.

त्याआधी आमच्या घरी मामांचा रिसाल्यातला जोडीदार आला, शेख करीम. लढाईनंतर तो कोलंबोला गेला होता. शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात त्याला चांगली नोकरी होती. रजेवर आला की आमच्याकडे मुक्काम ठरलेला.

"भाऊ, एक महिना मेरे पास आओ," तो म्हणाला. "समंदर देखो. मछली नक्को तो नारियल खाओ. जिंदगीभर गाँव में बैठ के मोजे बुनते रहोगे क्या?"

मामा हसले. "एकदा माणसं मारायला समिंदर वलांडला. आता नुस्ता बघायला वलांडावा म्हणतो."

आई म्हणाली, "जा की. रखमाला आणायच्या टायमाला परत ये म्हंजे झालं."

मामांना सोबत म्हणून मी गेलो. मी विशीतला, उर्दू मदरशातून, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेतून, शिकून बाहेर पडलेला, नोकरीच्या वाटेवर डोळे लावून बसलेला. परळीपर्यंत आगगाडी नुकतीच आली होती. परळीहून सिकंदराबाद, तिथून मद्रास, मग पार खाली धनुष्कोडी, तिथून आगबोटीनं सिलोन आणि पुन्हा गाडीनं कोलंबो. आमच्या गावातून सहलीला म्हणून कुणी समुद्रापार गेल्याचं त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं. निघताना वेशीपर्यंत लोक आले होते. गणपा म्हणाला, "मावशे, समिंदराला बी एक मफलर घालून ये!"

कोलंबोत मला वेड लागायचंच बाकी होतं. ट्राम, बायस्कोप, रात्री दिव्यांनी उजळलेले रस्ते, तबेल्यातले ते तुकतुकीत घोडे... थोड्या दिवसांत मोठी शर्यत होती आणि करीमचाचा मला आतल्या बाजूनं ती दाखवणार होते. आणि मामा? मामा रोज समुद्राच्या कट्ट्यावर बसून रखमाच्या बाळासाठी पिवळ्या लोकरीचं टोपडं विणायचे. आजूबाजूला तिथली पोरं जमायची. भाषा एकमेकांची कळायची नाही, तरी हसणं चालू. मी त्यांना इतकं निवांत कधी पाहिलं नव्हतं.

दुसरा आठवडा असेल. सकाळी आम्ही बाजारातून चाललो होतो. एका दुकानापुढं काथ्याच्या सुतळीच्या मोठमोठ्या गुंड्या टांगलेल्या होत्या. मामा तिथं थांबले. एक गुंडी हातात घेतली, बोटांनी चाचपली आणि मला काही न सांगता मोठं भेंडोळं विकत घेतलं. खोलीवर आल्यावर त्यांनी बांबूच्या दोन काठ्या तासल्या, दगडावर घासून गुळगुळीत केल्या, पिवळं टोपडं बाजूला ठेवलं आणि काथ्याचे टाके घातले.

"मामा, हे काय?"

"काय की."

"कुणासाठी?"

त्यांनी वर पाहिलं. तो चेहरा मी विसरलेलो नाही. भीती नव्हती त्यात — गोंधळ होता, अनोळखी गावात वाट चुकलेल्या माणसासारखा.

"म्हाईत न्हाई, दत्तू. हात थांबंनात."

करीमचाचांना आधी गंमत वाटली. "घोडे की झूल बना रे क्या, भाऊ?" दुसऱ्या दिवशीही मामा जेवणापुरतेच उठले, तेव्हा ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "तेरा मामू हौला हुआ क्या रे?" मामा खुळे झाले का, हे मीही विचारत होतो, मनातल्या मनात.

तिसऱ्या दिवशी मामांनी विचारलं, "गाडी कवा हाय?"

"कुठली गाडी?"

"घरची."

मी उडालोच. "मामा, आत्ता कुठं आलोय आपण! कावून जायचं? तार आली का? कुणी सांगावा धाडला का?"

"न्हाई."

"मग?"

"हे घरी लागणार हाय."

"काय लागणार हाय? हे? हे काय हाय तेच तुमाला म्हाईत न्हाई!"

"न्हाई म्हाईत," मामा शांतपणे म्हणाले. "पर लागणार हाय."

मी पुष्कळ भांडलो. शेवटी करीमचाचांकडे बघितलं, की आता हे तरी समजावतील. पण ते आमची वळकटी बांधायला लागले होते. "बेटा," ते म्हणाले, "लड़ाई में एक दफा ये बोले, घोड़ा मोड़ो. मैं पूछा नईं कायकू. पीछे जो रुके वो सब गए. अब भी नईं पूछता मैं."

अशी आमची सहल अर्ध्यावर संपली. शर्यत राहिली. मी गाडीत खिडकीकडे तोंड करून बसलो, आणि मामा विणत राहिले. आगबोटीवर, गाडीत, फलाटावर. काथ्या लोकरीसारखा नसतो. त्यानं त्यांची बोटं सोलवटली, मग त्यांनी चिंध्या गुंडाळल्या आणि पुन्हा सुरू. त्या विणकामाला धड आकारही नव्हता. मधे मडक्यासारखा मोठा फुगवटा, चार कोपरे, कोपऱ्यांना जाड जाड कड्या.

मला राहवलं नाही. "भोपळ्याला अंगरखा करताय का?"

मामांनी ते समोर धरून पाहिलं आणि खो खो हसले. "मला बी तसंच दिसतंय बे!"

आता मद्रासचं सांगतो. इथंच माझी लेखणी आजवर दर वेळी अडली आहे.

पुढच्या गाडीला अवकाश होता. भर दुपार. फलाटावर हैदराबादच्या कॉलेजातली काही पोरं होती. मी त्यांच्याशी उर्दूत गप्पा मारत होतो, आपणही त्यांच्यातलेच असल्यासारखा. तेवढ्यात एकानं मामांकडे बोट दाखवलं. मामा ट्रंकेला टेकून झोपले होते, तोंड उघडं, बोटांना रक्ताळलेल्या चिंध्या, मांडीवर ते काथ्याचं ओझं.

"ये मछेरा आपके साथ है?"

मी म्हणालो, "जी नहीं."

इतक्या सहज म्हणालो... पोरं त्यांच्या गाडीकडे निघून गेली. मी मामांजवळ येऊन बसलो. मला स्वतःचा राग यायला हवा होता. तो मला त्यांचा आला. काम संपलं होतं. चारी कोपऱ्यांच्या कड्या झाल्या होत्या, शेवटच्या गाठीचं टोक तेवढं लोंबत होतं. मी ती गाठ सोडवली आणि टोक ओढलं.

विणलेलं उसवायला ताकद लागत नाही. सरसर सरसर टाके निघत गेले. चौथी कडी गेली, चौथा कोपरा गेला. मला त्यात बरं वाटत होतं, हेही लिहून टाकतो. आणि मग माझ्या हाताला ओल लागली.

मद्रासच्या उन्हात सकाळपासून पडलेला, कोरडा ठणठणीत काथ्या — आणि उसवून येणारी सुतळी ओली गार. बोटांवरून पाणी ओघळलं. मी हात नाकाशी नेला. शेवाळाचा वास, आणि आपल्याकडच्या काळ्या मातीचा. समुद्राच्या पाण्याला तो वास नसतो. मी सुतळी टाकून दिली. घाम असेल, कुणी पाणी सांडलं असेल... मनाला काहीतरी सांगितलं.

थोड्या वेळानं मामा उठून बसले. त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. सुतळी गुंडाळली. "गाडी आली का?" एवढंच विचारलं आणि उसवलेले टाके एक एक करून पुन्हा काठीवर घ्यायला लागले.

पण आता त्यांची बोटं चालत नव्हती. परळीला उतरलो तेव्हा तीन कोपरे पुरे होते, चौथा तसाच उघडा. परळीहून मोटारीनं मोमिनाबाद, तिथून बैलगाडी. गाडीच्या हादऱ्यांत टाका धरता येईना, तरी मामा प्रयत्न करत होते. गाडीवान हसला, तेव्हा मी पुन्हा बाहेर बघायला लागलो.

दिवस कलला असेल-नसेल, गाव दिसायला लागलं आणि समोरून गणपा पळत येताना दिसला. वस्तीवरून लांब दोर आणायला निघाला होता. आम्हाला बघून तो जागच्या जागी उभा राहिला.

"नरहरीदादा! तुमाला... तुमाला कुणी सांगितलं?"

"काय झालं?"

"रखमा आडात पडली!"

जावयानं तिला ठरल्यापेक्षा आठवडाभर आधीच आणून सोडलं होतं. तिचं तिथं मन लागेना म्हणून. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. त्या दुपारी ती घरामागच्या आडावर पाणी शेंदत होती आणि कठड्याचं एक अंग तिच्यासकट आत गेलं. उन्हाळ्यामुळे पाणी गुडघाभर आणि खाली गाळ, म्हणून जीव वाचला. पण पाय मोडला होता. आणि कठड्याचे दगड मधेच अडकून बसले होते. बाजूला एक माणूस कसाबसा जाईल एवढीच वाट उरली होती. बाज सोडावी तर ती उतरत नव्हती. एकानं उतरून तिच्या कमरेला दोर बांधला, पण जरा ओढताच तिनं अशी किंकाळी फोडली की चंद्रामावशी सुईण वरून ओरडली, "कमरंला दोर नका लावू रं! पोटातलं जाईल!" तेव्हापासून सगळे नुसते उभे होते. मधूनच एखादा दगड सुटून खाली जायचा. बाजूला आई कपाळ धरून बसली होती.

मामा कडेला जाऊन वाकले. "रखमे!"

खालून बारीक आवाज आला; बापाला ती दादा म्हणायची. "दादा? तुमी तर... लांब गेलते ना?"

"आलो. हालू नगं."

आणि त्यांनी बैलगाडीतून ते काथ्याचं विणकाम आणून जमिनीवर पसरलं.

मी तो फुगवटा पाहिला. सात महिन्यांच्या पोटाचं माप होतं ते. वर कडेनं मानेला आधार, खाली पायांना पट्टा, आणि कोपऱ्यांना दोर अडकवायच्या कड्या. चंद्रामावशीनं एकदा त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ह्ये कुणी केलं? ह्ये तर हिच्यासाठीच केलंय."

मामांनी कोपरे चाचपले. एक... दोन... तीन. चौथ्याशी त्यांचा हात थांबला.

"उघड्या टाक्यांना दोर लावला तर ते उसवतील, आन तीन कड्यांवर ती तिरपी हुईल," ते म्हणाले. "पायाकडचा कोपरा कुणीतरी खालून उचलून आणाया पायजे. संगं चढाया पायजे."

आडाच्या भिंतीत, साफसफाईला उतरणाऱ्यांसाठी, पाय ठेवायच्या खोबणी होत्या. मी म्हणालो, "मी जातो." गाव आजपर्यंत याला धैर्य म्हणतं. मला त्या क्षणी वर उभं राहणं जमणार नव्हतं, एवढंच खरं.

खाली अंधार नव्हता, पण उजेडही नव्हता. रखमा गाळात भिंतीला टेकून बसली होती. चेहरा पांढराफटक. मला बघून म्हणाली, "दत्तूभाऊ, पोरगं अजून हलतंय बघ." मी झोळी तिच्या पाठीखालून सरकवली, पुढून घेतली. पायात मोजा बसावा तशी ती तिच्या अंगाला बसली. कुठं ओढलं नाही, कुठं ढिली राहिली नाही. तीन कड्यांना दोर लावला. चौथा कोपरा मी खांद्यावर घेतला. काथ्या पुन्हा ओला गार लागला, आणि तोच वास. आमच्या आडाचा.

वरच्यांनी पहिला हिसका दिला तशी झोळी भिंतीवर आपटली आणि रखमा ओरडली. लगेच वरून मामांचा आवाज आला, रिसाल्यातला आवाज. गावानं तो कधी ऐकला नव्हता.

"थांबा! असं न्हाई! मी सुलट म्हणलं की वडा, उलट म्हणलं की नुस्तं धरा! सुलट!... उलट!... सुलट!... उलट!"

विणकामाचेच शब्द ते. ज्या शब्दांवर गावानं इतकी वर्षं खिदळून घेतलं, त्याच शब्दांवर आता गाव दोर ओढत होतं. आधी मामा एकटे म्हणत होते, मग गणपा म्हणायला लागला, मग सगळे. सुलट! — झोळी हातभर वर. उलट! — दोर थिर. मी एका खोबणीतून दुसऱ्या खोबणीत. अडकलेल्या दगडांपाशी आलो तेव्हा वाटलं, संपलं, इथून जायची नाही. पण तो फुगवटा दगडाला चाटून, अगदी चाटून, पार झाला. एक दगड सुटून माझ्या खांद्याला लागला. हाड तिथं अजून उंच आहे. मी कोपरा सोडला नाही. वरून सुलट-उलट सुरूच होतं, आता बायकाही म्हणत होत्या, आणि मला वाटलं, आख्खं गाव मिळून काहीतरी विणतंय...

मग उजेड आला. आणि हात. कितीतरी हात.

चंद्रामावशीनं रखमाच्या पोटावर हात ठेवला. म्हातारीनं डोळे मिटले, मग उघडले आणि जोरात हसली. "जित्तं हाय! लाथा मारतंय की गाबडं!"

माणसं नाचली. कुणीतरी हलगी आणली. गणपानं मामांना कवळ्यात धरून उचललं, सहा फुटांच्या माणसाला, आणि "मावशे! माझी मावशे!" करत तो ढसाढसा रडत होता. मामा म्हणत होते, "ठेव रं खाली, पाय मोडशील पुन्हा." आणि मला कुणीतरी फेटा बांधला. दत्तूनं आणली, दत्तूनं खांद्यावर आणली! मी सांगू शकलो असतो की चौथी कडी असती तर माझी गरजच नव्हती. मी फेटा डोक्यावर राहू दिला.

रखमाचा पाय हाडवैद्यानं बसवला. ती बापासारखीच जरा ओढून चालायला लागली. पूर्ण दिवस भरून मुलगा झाला. तो आता आजोबा आहे आणि आवाजानं सगळ्या गल्लीला जागा करतो.

मी पुढं मोजणीत गेलो. मोजणाऱ्या डोक्यानं मी याचा पुष्कळ विचार केला. मामांना लेकीची काळजी होती, हे धरलं. काळजीनं माणूस काहीही विणेल, हेही धरलं. पण न पाहिलेल्या पोटाचं माप, न पडलेल्या दगडांतल्या फटीचं माप? आणि मद्रासच्या फलाटावर आमच्या आडाचं पाणी? कोणत्या खुणेपासून मोजायला सुरुवात करावी तेच मला कळलेलं नाही.

मामांना मी एकदा सगळं सांगितलं. ते फार थकले होते, अंगणात बाजेवर ऊन खात पडले होते. मी म्हणालो, "मामा, मद्रासला तो कोपरा मी उसवला."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "जागा हुतो मी."

"मग... अडवलं कावून न्हाई?"

"अडवणार हुतो. हात उचलाया गेलो. उचलंनात." त्यांनी आपले दोन्ही हात उन्हात धरून उलटसुलट बघितले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. "इनताना थांबंनात, आन तवा उचलंनात. मला काय इचारतो? मी बी त्यांनाच इचारतोय."

पुढं त्यांनी कधी विषय काढला नाही.

हे लिहून झाल्यावर परवा मी रखमाला वाचून दाखवलं. ती माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी, डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. उसवल्याचं तिला आजवर माहीत नव्हतं. वाचून झाल्यावर मी कागद खाली ठेवला आणि वाट बघत बसलो.

"म्हंजे तू उसवलं नसतंस," ती म्हणाली, "तर मी एकटीच वर आले असते?"

"हो."

"झोळी लई मजबूत हुती, दत्तूभाऊ. पर मी घाबरून मेले असते." मग म्हणाली, "छापाया दे. दादाचं नाव मोठ्या अक्षरात घालाया सांग."

म्हणून संपादकांना एवढीच विनंती. माझ्या मद्रासच्या वागण्याचं काय करायचं ते माझं मी बघेन, आणि बाकीच्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, कुणाकडे असेल तर कळवावं. पण रखमाला आडातून वर काढली ती नरहरीमामांनी, आणि काढायला सुरुवात केली ती कोलंबोच्या बाजारातून, ती पडायच्या कितीतरी दिवस आधी — हे वाक्य कापू नका.